वाचून दाखवलं, बरोबर आहे

धारणीच्या तहसील कचेरीबाहेर बसलेल्या माणसाकडे पाहिलं की त्याच्या हातातली पिशवी आधी दिसते. कधी साडीच्या दुकानाची, कधी बियाण्याच्या कंपनीची. आत घडी पडून पडून घडीवरच फाटत चाललेले कागद असतात. रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, आधारची झेरॉक्स, कुठल्याशा अर्जाची पोच आणि त्या पोचेवरचा पुसट झालेला गोल शिक्का. पावसात माणूस भिजतो, पिशवी भिजू देत नाही. सेमाडोह, हरिसाल मागे टाकत आलेली एसटी त्याला इथं उतरवते, आणि आत खिडकीपाशी पहिला प्रश्न येतो: "कागद आहे का?"

हा माणूस बहुधा कोरकू असतो. त्याच्या समाजाचं सगळं मोठं धन तोंडी आहे. महादेवानं वारुळाच्या लाल मातीतून पहिलं जोडपं कसं घडवलं ही कथा तोंडी, कुळांची नावं तोंडी, कोणत्या नाल्यापर्यंत आपल्या गावाची शीव आणि कोणत्या टेकडीपलीकडे दुसऱ्या गावाची, तेही तोंडीच. मुंडा भाषाकुळातली सर्वांत पश्चिमेकडची ही भाषा. 2011च्या जनगणनेत ती बोलणारे सव्वासात लाखांच्या आसपास होते. आज ती लिहायची वेळ आली तर देवनागरीत लिहितात. पण शतकानुशतकं ती न लिहिता चालली, आणि नीट चालली. पंचांपुढे दिलेला शब्द मोडला तर गावात तोंड दाखवता येत नसे. त्यासाठी सही लागत नव्हती. अशा माणसाला खिडकीतून विचारलं जातं, तुझ्या सांगण्याला आधार काय?

लिहिलेल्याचं मोल बोललेल्यापेक्षा जास्त का, हा प्रश्न शहरात बसून विचारला तर तो विचारांचा खेळ होतो. धारणीत त्या प्रश्नावर जमीन जाते आणि येते. मी लिहिणारा माणूस आहे आणि माझं मत सुरुवातीलाच सांगतो: लिहावं. सगळं लिहावं. पण लिहिलेलं खरं ठरतं ते कागदामुळे किंवा शिक्क्यामुळे नाही. सरकारी मराठीतली बहुतेक वाक्यं मला निर्जीव वाटतात, एक सोडून. जबाबाच्या शेवटी ते येतं: 'सदरचा जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' खाली सही किंवा अंगठा. लिहिणाऱ्यानं बोलणाऱ्याकडे परत जावं, आपण काय लिहिलं ते त्याच्या कानावर घालावं आणि त्याची मान हलेपर्यंत थांबावं, एवढं सगळं त्या एका ओळीत आहे. कागदाची विश्वासार्हता तिथून येते, दुसरीकडून कुठूनही नाही. आणि नेमकी तीच ओळ छापील असते. वाचून दाखवलं असो वा नसो, ती कागदावर आधीच असते.

माझे वडील धारणी तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते. जून-जुलैत नवी मुलं यायची आणि दाखल-खारीज रजिस्टर उघडलं जायचं. नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख. पहिली तीन घरं लवकर भरायची. चौथ्यापाशी आई-बाप दोघंही एकमेकांकडे पाहायचे.

"महू येचत होतो जी, तवा झाला."

म्हणजे फाल्गुन-चैत्र. पण साल? मग ज्या वर्षी नाल्याला मोठा पूर आला त्याच्या आधी की नंतर, थोरल्या बहिणीचं लग्न झालं होतं की नव्हतं, शेजारच्या घरातलं अमुक मूल याच्याहून मोठं की धाकटं, असं करत करत वडील एका वर्षापाशी पोचायचे. तेही जमलं नाही तर मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला सांगायचे. कान हाती आला की सहा वर्षं पुरी. आणि मग टाक शाईत बुडवून, वळणदार अक्षरात, ते लिहायचे: 1 जुलै.

त्या गावात अर्धी पिढी 1 जुलैला जन्मली आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत अशीच, 1 जून किंवा 1 जुलैला. त्या तारखेवर पुढे नोकरी लागली, निवृत्ती ठरली, पेन्शन सुरू झालं. वडिलांनी खोटं लिहिलं असं मी कधीच म्हणणार नाही. रकान्यात तारीखच मागितली होती, मोहाची फुलं मागितली नव्हती. पण आईनं सांगितलेली गोष्ट खरी होती, आणि रजिस्टरात गेलेली गोष्ट नेमकी होती. आणि त्या दोहोंमध्ये जे झालं त्याचा कुठलाही माग त्या पानावर उरला नाही. आईची आठवण, मास्तरांचा हिशेब, डोक्यावरून कानापर्यंत गेलेला हात, सगळं गळून गेलं. कागदाचं हे मला भय वाटतं. आपल्याला हे कसं कळलं, ते तो विसरतो, आणि विसरल्यावर अधिकच ठामपणे बोलू लागतो.

पुढे त्याच रजिस्टराच्या पानाला केवढी किंमत येते! आदिवासी असल्याचं प्रमाणपत्र पडताळायचं तर 1950च्या आधीपासूनचे पुरावे शोधले जातात. आजोबांचा दाखला, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नक्कल, महसुली कागदातली जातीची नोंद. जुन्या नोंदीत नुसतं कुळाचं नाव असतं, जांबू किंवा बेठे. नव्या नोंदीत त्याचं जांबेकर, बेठेकर झालेलं असतं. आजा आणि नातू कागदावर दोन वेगळ्या घरांतले ठरू शकतात. मग धारणीपासून अमरावतीपर्यंत दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, पुन्हा पुन्हा. ज्या आज्यानं आयुष्यात कधी शाळा पाहिली नाही, त्याच्या शाळेच्या दाखल्यासाठी.

आणि याहून कठीण गोष्ट घडून गेली आहे. स्वातंत्र्यानंतरच्या अनुसूचित जमातींच्या यादीत विदर्भातल्या जमातींपुढे ठरावीक तालुक्यांची नावं होती. अमरावती जिल्ह्यापुरता तो तेव्हाचा मेळघाट तालुका. डोंगरात राहणारा कोरकू यादीत होता, आणि त्याचा सख्खा भाऊ घाट उतरून परतवाड्याच्या बाजूला कामाला येऊन स्थायिक झाला तर तो यादीबाहेर. 1976च्या दुरुस्ती कायद्यानं ही क्षेत्राची अट काढली. तोवर एका घरातली दोन भावंडं, एकच भाषा बोलणारी, एकाच देवाला नारळ फोडणारी, आणि कागद म्हणत होता की एक आदिवासी आहे, दुसरा नाही. त्यांना विचारलं असतं तर दोघांनीही एकच उत्तर दिलं असतं.

म्हणून लेखणीबद्दलचा राग मला समजतो. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांना हवे होते ते कर्जरोखे. गावोगाव हेच झालं. रोखे मागून घ्यायचे आणि जाळायचे. निरक्षर माणसाला कोणता कागद आपला गळा धरून आहे हे अचूक ठाऊक होतं. 1872च्या पुराव्याच्या कायद्यानं नुकतंच ठरवून दिलं होतं की कराराच्या अटी एकदा लेखी झाल्या की त्यांच्याविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालायचा नाही. पन्नास घेतले आणि शंभर लिहिले, असं शेतकऱ्यानं कितीही शपथेवर सांगितलं तरी रोखा शंभर म्हणत होता. दंग्यानंतर आयोग बसला आणि 1879चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. त्यात कोर्टांना कर्जाच्या व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासायला सांगितलं गेलं. रोख्यावर काय आहे एवढ्यावर थांबू नका; घेणाऱ्याला विचारा, देणाऱ्याला विचारा. लिहिलेल्याच्या मागे जाऊन बोललेलं ऐका, असं सरकारला कायद्यात लिहावं लागलं. मला हे त्या शेतकऱ्यांचं मोठं यश वाटतं. मेळघाटातही सावकाराच्या वहीनं आणि अंगठ्यानं जमिनी गिळल्या, आणि आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी त्यांना परत देण्यासाठी 1974 साली महाराष्ट्राला वेगळा कायदा करावा लागला.

पण राग तिथंच सोडून चालत नाही. कारण याच जिल्ह्यात, घाटाखाली, मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर आहे, आणि मराठीत लिहिण्याची एक फार प्रामाणिक रीत तिथं जन्मली.

महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेले होते. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहून ठेवला नव्हता. जे काही होतं ते त्यांचं चालणं, बोलणं, आणि ते पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांच्या आठवणी. त्यांचे शिष्य नागदेवाचार्य रिद्धपुरात त्या आठवणी काढत बसत. म्हाइंभट मूळचे मोठे पंडित, शास्त्रात वाद घालणारे. त्यांनी या आठवणी लिहून घ्यायचं ठरवलं. तेराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांतली ही गोष्ट. ज्या ज्या माणसाचा स्वामींशी संबंध आला होता त्याला ते गाठत गेले. स्वामी कुठं बसले होते, कोण सोबत होतं, काय म्हणाले, हे विचारत गेले. आणि लीळाचरित्र उभं राहिलं, मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ. पंडितानं आपली संस्कृत विद्या बाजूला ठेवली आणि बायाबापड्यांच्या तोंडची मराठी जशी कानावर आली तशी कागदावर उतरवली.

पुढचं मला त्याहून मोलाचं वाटतं. यादवांचं राज्य कोसळलं, त्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली. एखाद्या परंपरेत इथंच सगळं संपलं असतं. पण पोथी पाठ असलेली माणसं होती. त्यांनी आठवणीतून ती पुन्हा सांगितली, पुन्हा लिहिली गेली. हिराइसा नावाच्या एका साधक स्त्रीच्या स्मरणातून आलेला पाठ आजही तिच्या नावानं ओळखला जातो. आणि जिथं दोन माणसांच्या सांगण्यात फरक पडला, तिथं नंतरच्या लेखकांनी एकाचं घेऊन दुसऱ्याचं पुसलं नाही. या पाठात असं, त्या पाठात तसं, म्हणून दोन्ही ठेवलं. सातशे वर्षांनी वाचणाऱ्यालाही कळतं की हे कोणाकडून आलं आणि कुठं शंका उरली. माझ्या वडिलांच्या रजिस्टरातून जे गळालं होतं, ते इथं जपलेलं आहे.

बोललेलं लिहिल्यानं वाचलं, आणि लिहिलेलं गेल्यावर बोलणाऱ्यांनी ते वाचवलं. वऱ्हाडच्या मातीत इतकं मोठं उदाहरण असताना आपण या दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करतो, याचं मला दुःख होतं. रिद्धपूरला आता मराठी भाषेचं विद्यापीठ उभं राहिलं आहे. तिथं शिकणाऱ्या मुलांनी घाट चढून धारणीला यावं, आणि म्हाइंभटांनी जे केलं ते कोरकू म्हाताऱ्यांपाशी बसून करावं, असं मला फार वाटतं.

त्या म्हाताऱ्यांकडेही लिहिणं नाही असं नाही. मेलेल्या माणसासाठी कोरकू सिडोलीचा विधी करतात आणि लाकडाची कोरलेली फळी उभी करतात. तिला मुंडा म्हणतात. तिच्यावर सूर्य असतो, चंद्र असतो, घोड्यावर बसलेला माणूस असतो. गावच्या एखाद्या झाडाखाली अशा फळ्या उभ्या असतात, काही ताज्या, काही वाळवीनं खाल्लेल्या. नाव नाही, तारीख नाही. पण गावातल्या जाणत्याला विचारा, हा कोणाचा, तो कोणाचा, तो सांगतो. फळी आणि माणूस मिळून ती नोंद पुरी होते. जाणता गेला की फळी मुकी होते, आणि मेळघाटात जाणते झपाट्यानं जात आहेत. म्हणूनच मी लिहा, लिहा म्हणतो. बोलण्यावर माझा अविश्वास नाही. बोलणारा मरतो, एवढंच.

गाडगेबाबा याच जिल्ह्याचे. शेणगावात जन्मले, 1956च्या डिसेंबरात अमरावतीजवळ पेढी नदीच्या परिसरात गेले. सगळं आयुष्य त्यांनी बोलून काम केलं. कीर्तनात प्रश्न विचारायचे आणि हजारो माणसं एका आवाजात उत्तर द्यायची. अक्षराशी त्यांचा संबंध नव्हता. आणि तेच गावोगाव सांगत फिरले की घरातली भांडी विका, पण पोराला शाळेत घाला. ज्याच्या बोलण्याला एवढं बळ होतं, त्यानं हे सांगावं! अक्षर नसलेल्या माणसाला जगात काय काय सोसावं लागतं, ते त्यांच्याइतकं कोणी पाहिलं असेल?

मेळघाटात तर न लिहिण्याची किंमत लेकरांनी दिली आहे. कुपोषणानं मुलं जात होती, आणि त्यांतली कित्येक कुठल्याच नोंदीत येत नव्हती. घरी जन्मलं, घरीच गेलं, पुरलं. जन्म लिहिला नाही म्हणून मरणही लिहायचं नाही. 2001 साली डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. गावागावातल्या माणसांकडून प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू टिपून घेतल्यावर दिसलं की महाराष्ट्रात होणारे बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ज्या आईचं मूल गेलं तिला ते ठाऊकच होतं, शेजारणीला ठाऊक होतं, सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. पण विधानसभेपर्यंत आईचा आवाज पोचत नाही, वही पोचते. इथं मी लिहिलेल्या शब्दाच्या बाजूनं पूर्ण उभा आहे, काहीही न राखता. ज्यानं त्या वहीत पहिलं नाव लिहिलं त्यानं त्या मुलाला, निदान मेल्यावर, माणसांत मोजलं.

म्हणून 2006च्या वनहक्क कायद्याचे नियम मी वाचले तेव्हा एका ओळीवर थांबलो. तेरावा नियम पुराव्यांची यादी देतो. सरकारी कागद आहेत, नकाशे आहेत, आणि त्यांच्या बरोबरीनं घर, बांध, जुनी झाडं, विहिरी, दफनाच्या जागाही आहेत. आणि त्याच यादीत दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांनी दिलेला आणि लिहून घेतलेला जबाबही आहे. किमान दोन पुरावे जोडायचे. 2012च्या दुरुस्तीनं हेही घातलं की अमुकच एका प्रकारच्या कागदाचा हट्ट समित्यांनी धरू नये. म्हातारा माणूस पुरावा झाला! ज्या व्यवस्थेनं दीडशे वर्षं त्याला कागद विचारला, त्याच व्यवस्थेत त्याचं तोंड आता कागदाच्या शेजारी बसलं.

खिडक्यांवरचे हट्ट एका दुरुस्तीनं जात नाहीत. तरी घाटाच्या पायथ्याशी अचलपूर तालुक्यातलं पायविहीर 2012 साली सामूहिक वनहक्काचा कागद मिळवून बसलं, जवळपास 193 हेक्टर जंगलाचा. उघड्या पडलेल्या टेकड्यांवर गावानं झाडं उभी केली, तिथली सीताफळं मुंबईपर्यंत गेली. आधी आपली सीमा सांगता आली, मग ती लिहून घेता आली, म्हणून हे झालं.

धारणी तालुक्यातल्या एका गावी अशाच सामूहिक दाव्याच्या ग्रामसभेला मी बसलो होतो. समाजमंदिरात सतरंजी, मधे वनहक्क समितीचा सचिव, बारावी झालेला गावचाच मुलगा, मांडीवर फुलस्केप वही. दोन वृद्ध पुरुष आणि एक वृद्ध बाई जबाब देत होती. बोलणं कोरकूत, लिहिणं मराठीत. तो मुलगा घाई करत नव्हता. एक एक वाक्य ऐकायचा, लिहायचा, आणि लिहिलेलं परत कोरकूत सांगायचा. तेंदू कुठं तोडतो, महू कुठं वेचतो, मुतवादेव कुठं आहे, उन्हाळ्यात गुरं कोणत्या झिऱ्यावर नेतो. सगळं झाल्यावर त्यानं पहिल्यापासून वाचून दाखवलं. दोघं मान हलवत होते. म्हातारी मात्र एका ठिकाणी हात वर करून म्हणाली, थांब. त्या झिऱ्यावर पलीकडच्या गावाचीही गुरं येतात. आमच्या सासऱ्याच्या वेळेपासून येतात. तू आमचाच लिहिलास.

कोणीतरी म्हणालं, आपला दावा आहे, त्यांचं आपण कशाला लिहायचं? मग बराच वेळ बोलणं चाललं. मला त्यातलं थोडंच कळलं. शेवटी मुलानं ते वाक्य एका सरळ रेघेनं खोडलं, खाली नवं लिहिलं, आणि खोडलेल्या जागेशेजारी म्हातारीचा अंगठा घेतला, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की नंतर बदललं. मग पान पुन्हा वाचलं गेलं. या वेळी ती काही बोलली नाही, फक्त पुढच्या पानाकडे बोट केलं.

अंगठे व्हायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी दावा घेऊन धारणीला उपविभागीय समितीकडे जायचं होतं, आणि निघताना एकच चर्चा राहिली होती, वही कोणाकडे ठेवायची. ग्रामसभेच्या पेटीत मूळ प्रत ठेवायची, वर गेलेल्या प्रत्येक पानाची पोच घ्यायची, आणि धारणीला द्यायची ती साक्षांकित झेरॉक्स, असं ठरलं.